थांबा, तिचं होऊ दे

बाईंचा उजवा तळहात वर गेला की मोठ्यांनी गप्प बसायचं, हे आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. एखादं पोर अडखळत काही सांगायला लागलं की आपण काय करतो ते तुम्हीही पाहिलं असेल. त्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकतो, नाहीतर त्याचा शब्द सुधारून त्याच्या हातात ठेवतो. बाई समोर असल्या की ते चालायचं नाही. हात वर, मान किंचित तिरकी, आणि हलक्या आवाजात, "थांबा, तिचं होऊ दे." मग त्या पोरीला पुढचा शब्द सापडेपर्यंत बाई भाजीची पिशवी सांभाळत रस्त्यातच उभ्या राहायच्या.

तेवढा एक हात सोडला तर बाईंसारखं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. कुत्र्याला त्या भ्यायच्याच, पण कुत्रं नसलेल्या बोळातही ते असेल म्हणून भ्यायच्या. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना सगळेच टरकून असायचे, बाई त्यांच्या शिपायालाही टरकायच्या. रस्ता ओलांडायचा झाला की कोणी तरी ओलांडणारं येईपर्यंत थांबून राहायच्या आणि त्याच्या आडून पलीकडं जायच्या.

त्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायच्या आणि मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात टंकलेखक होतो. लहान मुलं बोलायला कशी शिकतात हा त्यांचा ध्यास. त्यावर इंग्रजीत लेख लिहून त्या परदेशातल्या मासिकांकडं पाठवायच्या. टाइप करायचं काम माझ्याकडं. आता पोरांचे बोबडे उच्चार जसेच्या तसे दाखवायच्या खुणा काही टाइपरायटरवर नसतात. म्हणून पोराचा शब्द आला की मी तेवढी जागा कोरी सोडायचो, आणि बाई मागाहून बारीक निबेच्या पेनानं तो शब्द तिथं भरायच्या. मूळ प्रतीत, आणि कार्बनच्या प्रतींतही. माझं इंग्रजी आणि त्यात मधूनमधून त्यांच्या हातचं पोराचं बोलणं, असा तो लेख तयार व्हायचा.

मग पोस्ट. एकटीनं जायची भीती, म्हणून मला न्यायच्या. पाकीट तोलून झालं, तिकिटं लागली, तरी बाईंचा हात पाकिटावरच. खिडकीतला कारकून दोन्ही हातांनी ओढत म्हणायचा, "सोडा की बाई." संपादकाचं उत्तर आलं की ते न फोडता माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या. "तुम्ही आधी वाचा. ओरडलेत का हो?" संपादक बिचारे कधी ओरडलेले नसायचे. इंग्रजीत सभ्यपणे नाही म्हटलेलं असायचं, ते मी त्यांना आणखी सभ्य करून सांगायचो.

आमची शकू दोन वर्षांची झाली आणि बोलायला लागली, तेव्हा बाईंनी महिनाभर धीर गोळा करून विचारलं, हिचं बोलणं टेप करू का. मी लगेच हो म्हणालो. कॉलेजचा तो जड टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन बाई यायच्या. शकूसमोर बसून तो मांडीवरच ठेवायच्या आणि चक्र्या फिरायला लागायच्या. त्या फिरत्या चक्र्यांना शकूनं आपल्या मनानं नाव दिलं, गग्गर. पुढं तिच्या लेखी जे जे फिरेल ते गग्गर झालं. पंखा गग्गर, रिक्षाचं चाक गग्गर. बाईंना त्या शब्दाचा एवढा आनंद झाला, की तो मला सांगताना त्या कधी नव्हे ते मोठ्यानं बोलल्या.

माझ्या आईला मात्र हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. पोरगी बोलते ते सगळं पेटीत भरून नेतात, हे तिला बघवायचं नाही. बाई गेल्या की ती मीठ-मोहऱ्या घेऊन शकूची दृष्ट काढायची. मी हसायचो. बायको गडहिंग्लजची, ती बाईंना अक्का म्हणायची. तीही हसायची.

त्या वर्षी एका मासिकानं बाईंचा लेख पहिल्यांदाच नाकारला नाही. उदाहरणं थोडी आहेत, टेपवरची संभाषणं अधिक विस्तारानं द्या आणि अमुक मुदतीत पाठवा, असं कळवलं. बाई आनंदानं घाबरल्या. मी नवी पानं टाइप करून ठेवली, शकूच्या शब्दांच्या जागा कोऱ्या सोडून. टेप पुन्हा ऐकून त्या जागा भरायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आणि शकूला मुदतीचा ताप, टायफॉइड, आला.

ताप उतरला. शकू उठून बसली, पेज प्यायली, आमच्याकडं टुकुटुकु बघू लागली. पण बोलेना. दुखलं की रडायची, पण शब्द एकही नाही. आई नाही, पाणी नाही. डॉक्टर म्हणाले, या तापानंतर क्वचित असं होतं, बहुतेक मुलं परत बोलतात. त्या 'बहुतेक' शब्दानं माझं अन्न तुटलं. ऑफिसात ड्रॉवर उघडला की ती पानं दिसायची. इंग्रजी सगळं जागच्या जागी आणि माझ्या पोरीच्या शब्दांच्या जागा कोऱ्या. मी ड्रॉवर लावून घ्यायचो.

घरात आईनं उघडच बोलायला सुरुवात केली. "पेटीत कोंडून नेला पोरीचा आवाज. आता कुठनं बोलंल ती?" या वेळी मला हसू आलं नाही. बायकोलाही नाही. बाई शकूला बघायला आल्या तेव्हा बायको दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, माझ्या पोरीचा आवाज तेवढा परत द्या."

शिकलेलं माणूस यावर काय काय बोललं असतं. बाई तशाच परत गेल्या आणि शकूच्या सगळ्या टेप घेऊन आल्या. त्या टेपांशिवाय लेख पुरा होणार नव्हता, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना तर होतंच. बायकोच्या हातात टेपांचे डबे देताना एवढंच म्हणाल्या, "उन्हात ठेवू नका. आवाज खराब होतो."

या वाक्यानं आमच्या घरात जी घबराट माजली ती काय सांगावी. आई त्या टेपा पंचगंगेत सोडणार होती. पण आवाज खरंच त्यात असला तर तो बुडायचा. जाळाव्यात, तर जळायचा. शेवटी डबे देवाच्या फळीवर गेले आणि त्यांना हात लावायचं धाडस कुणाला होईना. सांगायला हरकत नाही, त्या फळीखालून जाताना मीही दबकत जायचो.

दुसऱ्या दिवसापासून बाई रिकाम्या हातानं येऊ लागल्या. कॉलेज सुटलं की यायच्या, भिंतीशी बसायच्या. टेपरेकॉर्डर नाही, कागद नाही, पेन्सिल नाही. आई त्यांच्याकडं पाठ फिरवून बसायची. तिकडं गल्लीतल्या बायका पेढे, खेळणी घेऊन यायच्या आणि शकूभोवती कोंडाळं करायच्या. पेढा म्हण, आजी म्हण, बोल की गं. शकू तोंड लपवायची. एकदा आईच तिची हनुवटी धरून काकुळतीला आली, "आजी म्हण, एकदाच म्हण." शकू थरथरायला लागली.

बाई उठल्या. उजवा तळहात वर केला. डाव्या हातानं भिंत धरलेली होती.

"आजी, थांबा. तिला कुणी काही म्हणायला लावायचं नाही."

आईला असं घरात येऊन कुणी कधी थांबवलं नव्हतं. ती भडकली. "आन् न्हायच बोलली तर?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मलाही भीतीच वाटते."

मला वाटलं, आई आता बाईंना हाकलून देते. पण तिनं शकूची हनुवटी सोडली, खाली बसली आणि बायकोला म्हणाली, "बाईंस्नी च्या टाक."

त्यानंतर आमच्या घरात शकूला कुणी काही विचारलं नाही. हे सांगायला सोपं आहे. पोटच्या पोरीसमोर गप्प बसून राहणं किती अवघड ते करून बघावं लागतं. जीभ आपोआप वळवळते. आणि मनात सारखं येत राहतं, की ही शांतता आता कायमची झाली तर.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी बाई नेहमीसारख्या भिंतीशी बसल्या होत्या. आई तांदूळ निवडत होती. शकू सरकत सरकत बाईंजवळ गेली. त्यांच्या रिकाम्या मांडीवर हात ठेवला. तिथं थोडं चाचपलं. मग वर बघून म्हणाली, "गग्गर."

मी ओरडणारच होतो. बाईंचा तळहात माझ्या तोंडासमोर आला. सूप आईच्या हातात तसंच राहिलं. बायको पदर तोंडात धरून उभी होती. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलला नाही. आणि मग, सगळे थांबलो होतो म्हणूनच, दुसरा शब्द आला.

"गग्गर कुठं?"

आईनं स्वतः उठून फळीवरचे डबे काढले आणि बाईंच्या पदरात घातले. तोवर मासिकाची मुदत टळून गेली होती. तरी आम्ही त्या कोऱ्या जागा भरल्या, क्षमा मागणारं पत्र जोडलं आणि पोस्टात गेलो. कारकुनाला पाकीट ओढावंच लागलं. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं, "ओरडलेत का हो?" झालं, आणि लेख छापायला घेतल्याचं मी वाचून दाखवलं.

त्या लेखात शकूच्या मौनाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी एकदा न राहवून विचारलं, यावर वेगळा लेख झाला असता, तुमच्यासारखं जवळून कुणी बघितलं असेल? बाई म्हणाल्या, "मी बघत नव्हते हो. नुसती घाबरून बसले होते."

शकू नववीत असताना बाई गेल्या. निवृत्तीला थोडा अवधी होता. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. मोठमोठी माणसं छान बोलली. शेवटी मला दोन शब्द सांगायला उभं केलं. माइकसमोर गेलो आणि काही म्हणजे काही सुचेना. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला मुदतीच्या तापानंतरच्या शकूचे डोळे आठवत होते. अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले, "बोला, बोला." तरी जमेना, तेव्हा ते माझ्या मदतीला आले आणि माइक आपल्याकडं वळवून म्हणाले, "यांना असं म्हणायचं आहे, की..."

माझ्या आईशेजारी बसलेली शकू उठून उभी राहिली. उजवा तळहात वर केला. डाव्या हातानं पुढची खुर्ची धरलेली होती.

"थांबा सर, बाबांचं होऊ दे."

सभागृह थांबलं. मला पहिला शब्द सापडेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.