पेरू, पाला आणि पिंजाऱ्याची छाती

आम्ही तिसगावचे पिंजारी. थंडीच्या तोंडाला गाद्या, दुलया भरायच्या म्हणून आमच्या घरी कापसाचे ढीग पडायचे. अब्बा धनुकलीची ताणलेली दोरी, म्हणजे तात, टण् टण् वाजवत कापूस पिंजायचे. दारातून उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात कापसाची धूळ नाचायची. आम्हा पोरांना गंमत वाटायची. ती धूळ अब्बांच्या छातीत चाललीय, हे कोणाला कळणार? शिवाय काळजी कसली, त्यांच्या गालात गुळाचा खडा होता ना! गूळ कापसाला घशाखाली ओढून नेतो, असं आमच्यात सगळेच मानायचे.

लढाईचे दिवस होते. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. त्या वर्षी अब्बांना खोकला लागला तो हटेना. चार टोले मारले की धनुकली खाली ठेवायचे. आता पिंजाऱ्यानं धनुकली ठेवली तर चूल कशी पेटणार?

अब्बांची थोरली बहीण, म्हणजे आमची फुफी, आमच्यातच राहायची. तिनं पथ्य चालू केलं. पेरू नको, खोकला वाढतो. आवळा आंबट, पालेभाजी थंड. तेलकट चटणीनं कफ होतो. मग राहिलं काय? मिलोची पेज नि गूळ. अब्बा वाळत चालले.

अम्मा तशी बोलायला कमी. पण एका सकाळी डोक्यावर पदर घेतला नि म्हणाली, "उठा. नगरला जायचं."

तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी अब्बांची छाती कितीतरी वेळ ऐकली. म्हणाले, "आत सूज आहे. काही ठिकाणी वण पडलेत. पडलेला वण जायचा नाही. नवे पडू नयेत, एवढंच बघायचं. उघड्यावर पिंजा, तोंडाला फडकं बांधा. आणि बाई, खायला काय घालता?"

अम्मानं सांगितलं. डॉक्टरांनी चष्माच काढला. "अहो, हा माणूस धुळीशी झुंजतोय आणि तुम्ही त्याला उपाशी लढायला लावता? पालेभाजी, पेरू, आवळा, जवस, जमलं तर अंडं, सगळं घाला. हे औषध नव्हे. पण सूज उतरायला नि झीज भरायला अंगात काही असावं लागतं की नाही?"

परतीची मोटार धरायच्या आधीच अम्मानं राहात्याकडचे पेरू घेतले. घरी ते बघून फुफी कडाडली, "खोकल्याला पेरू? माझ्या भावाला मारतीस का?"

"मारायचं असतं आपा, तर पेजच चालू ठिवली असती."

तिथून अम्मानं जी कंबर कसली! मोरीच्या पाण्यावर राजगिरा, चाकवत लावला. शेजाऱ्याच्या शेवग्याचा पाला मागून आणायची. जवस भाजून, लसूण-मिरची घालून कुटायची. अब्बा कुरकुरायचे, "मी काय शेळी हाय का, रोज पाला खायाला?"

"शेळी डोंगर चढती. तुमी आधी उंबरा चढून दावा. खा."

महिने गेले. खोकला पुरता गेला नाही, पण अब्बांच्या अंगावर मांस आलं, आणि उंबराच काय, वेशीपर्यंत न थांबता जाऊ लागले.

पुढची थंडी आली. अब्बांनी धनुकली अंगणातल्या लिंबाखाली टांगली. फुफी रिवाजाप्रमाणे गुळाचा खडा घेऊन हजर. पण अम्मा ताट घेऊन आधीच उभी. भाकरी, जवसाची चटणी, पाल्याची भाजी. ताट रिकामं होईस्तोवर हलली नाही. मग जुन्या लुगड्याचं फडकं ओलं करून तिनं अब्बांच्या नाकातोंडावर घट्ट बांधलं.

"आन् गूळ?" फुफीनं खडा पुढं केला.

अब्बांनी फडक्याकडं बोट दाखवलं. आता कुठून घालणार? फुफीनं खडा स्वतःच्याच तोंडात टाकला.

टण्. चार टोले झाले, पाचवा झाला. मग अब्बा थांबले. वण होतेच आत. सावकाश श्वास घेतला नि पुन्हा तात वाजली.

अम्मा तोवर जवस निवडायला बसली होती.