हात लावणारी घरं

सुक्या मासळीची भरलेली पाटी डोक्यावरून एकटीला उतरवता येत नाही. आईने मला धंद्यातलं काही शिकवलं असेल तर एवढंच, आणि तेही शिकवायचं म्हणून नाही. ती डहाणूत दारोदार सुकी मासळी विकायची. दारात उभी राहून हाक द्यायची, "बाय, जरा हात लावा!" मग घरातली बाई ओले हात पुसत बाहेर यायची, पाटीची एक कड धरायची आणि दोघी मिळून ती ओट्यावर टेकवायच्या. हात लावला म्हणजे माल बघणार. घेईलच असं नाही, पण बघणार. आतूनच कुणी "आज नको" म्हटलं की आई पुढच्या दाराला. रुसवा नाही, आग्रह नाही.

आमचं घर डहाणूजवळच्या चिखल्याला, किनाऱ्यालगत. वडील आणि काका होडीवर जायचे, बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूंवर वाळायचे आणि आई ते विकायची. २०१४ च्या मोसमात तिचे गुडघे गेले. गेले म्हणजे दुखत होते आधीपासूनच, पण ती सांगेल तर शपथ! शेवटी एका ओट्यावर बसली ती उठेचना, तेव्हा दवाखाना झाला. डॉक्टरांनी डोक्यावरचं ओझं बंद सांगितलं. आईने मान डोलावली, बाहेर येऊन पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "मग माझ्या घरांचं काय?"

घरं म्हणजे गिऱ्हाइकं. तो शब्द ती कधी वापरायची नाही. तिची एकेचाळीस घरं होती. काही डहाणूतच, काही सरकारी कॉलनीतल्या बदलीवाल्या नोकरदारांची, जी नागपूर, पुणे, बडोदा अशी पांगली होती आणि सुट्टीत आली की पिशवी भरून न्यायची. मी म्हटलं, "माल काय, बाजारातल्या व्यापाऱ्याला देऊ." ती म्हणाली, "माल जाईल गे. पण माझी कोण वाट बघेल?" मला तेव्हा राग आला. गुडघ्यांची हाडं घासतायत आणि हिला वाट बघणारी घरं हवीत! पण घरी येताना रिक्षात ती बाहेर बघत एकेक दार मागे जाताना पाहत होती, आणि मला कळलं की ही घरं सुटली तर आई आजारी न पडताच आजारी पडेल.

मी त्या वेळी तलासरीला कचेरीजवळच्या एका झेरॉक्स-कम्प्युटरच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरायचे. प्रत्येक फॉर्मला ईमेलचा पत्ता लागायचा आणि पाड्यांवरून आलेल्या कुणाकडेच तो नसायचा. मग मीच तो काढून द्यायचे, पासवर्ड फॉर्मच्या पाठीमागे लिहून. सगळ्या तालुक्याला पत्ते वाटणारी मी. आईच्या घरांचे पत्ते जमवायला मला काय धाड भरली होती? व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून पाहिला होता, पण दोन दिवसांत सुप्रभाताच्या फुलांखाली आमचे बोंबील गाडले गेले. ईमेल बरा. एकेकाच्या दारात जातो.

पुढच्या उन्हाळ्यात, २०१५ साली, आई हातात नुसती पिशवी घेऊन रिक्षाने घरोघर फिरली. पिशवीत माझी शंभर पानी वही. "पोरीनं सांगितलंय, तुमचा कम्प्युटरचा पत्ता लिहा," एवढंच सांगायची. बदलीवाल्यांचे पत्ते जुन्या शेजाऱ्यांनी मागवून दिले. वही परत आली तेव्हा तिला जवळ्याचा, त्या बारीक सुक्या कोळंबीचा, असा वास सुटला होता की दुकानाच्या मालकांनी ती बाहेर त्यांच्या स्कूटरच्या डिकीत ठेवायला लावली.

मग एका रविवारी दुपारी आई सांगत गेली आणि मी पत्त्यांपुढे लिहीत गेले. मला वाटलं होतं नाव, गाव, बस. आईकडे मात्र घरांचं पोटच उघडं होतं. हे घर श्रावण पाळतं. ह्यांच्यात नवरा पाळतो, ती नाय. ह्यांच्या सासूबाई खात नाहीत, त्यांना एकादशीच्या आसपास पत्र नको. ही बोंबलाची डोकी काढूनच घेते. हिच्या मुलाला सोड्यांनी, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीनं, अंगावर उठतं, तिला सोड्यांचं सांगूच नको, मन होतं बिचारीचं. मी इंटरनेटवर फुकटचे धडे वाचत होते, गिऱ्हाइकांचे गट पाडा म्हणून. आईने ते गट वीस वर्षं डोक्यात वागवले होते, पाटीच्या खाली.

चाळीस घरं झाली. एकेचाळिसावं सांगताना ती थांबली. "आता ते. तुझ्या मैत्रिणीचं."

माझी बोटं थांबली. मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. कॉलनीतल्या मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले होते आणि खिडकीतून हाक आली, "बाय, जरा हात लावा!" मैत्रिणीची आई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, पीठ मळत होत्या. त्या मला म्हणाल्या, "जा गं, तू लाव जरा हात, माझे भरलेत." मी उठले नाही. पुस्तकात डोकं घातलं, ऐकलंच नाही असं केलं. मैत्रिणीसमोर मला त्या पाटीची लाज वाटली. काकू हात धुऊन बाहेर जाईपर्यंत आई पुढे निघून गेली होती. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. मीही नाही. पुढे मैत्रीण शिकायला गेली, काकूंच्या यजमानांची नागपूरला बदली झाली, आणि आई आणि माझ्यात ते तसंच पडून राहिलं. आता आई म्हणाली, "लिही ना. त्यांना जवळा आवडतो." मी खाली मान घालून लिहिलं.

एकेचाळीस पत्ते. मला ते फार थोडे वाटले. धड्यात तर हजारोंच्या गोष्टी! दुकानात वापीचा एक एजंट कागदपत्रं घेऊन यायचा, त्याने पेन ड्राइव्हमधून मला पाच हजार पत्ते दिले, थोड्या पैशांत. पावसाळा चालू होता, होड्या वर ओढलेल्या, सुक्या मासळीला मागणी असते ती तेव्हाच. मी झकास पत्र लिहिलं. "त्वरा करा! साठा मर्यादित! घरपोच बोंबील, सोडे, करंदी!" आणि एका दमात पाच हजार दारांवर धाडलं.

ते सगळे वापी-वलसाडचे व्यापारी निघाले. बहुतेक शुद्ध शाकाहारी, त्यातही कितीतरी जैन, आणि वर चातुर्मास चालू. जे काही ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. एका वयस्क गृहस्थांनी मात्र गुजरातीत फार सभ्यपणे लिहिलं होतं की आमच्या घरात आजवर कांदाही आलेला नाही, तेव्हा आपली काहीतरी चूक होत असावी. बाकीच्या शिव्यांनी मी चिडले होते, ह्या पत्राने मात्र मान खाली गेली. दोन दिवसांत एकगठ्ठा पत्रं पाठवायचं माझं खातंच बंद झालं.

आईला सांगावं लागलं. ती जवळा पाखडत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "त्यांनी हात लावला होता?"

बस, एवढंच. मनात लख्ख झालं. ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं त्या सगळ्यांची मी माझ्या साध्या ईमेलवरून एकेकाला लिहून माफी मागितली. त्या वयस्क गृहस्थांचं उत्तर आलं, "कंई वांधो नहीं, दीकरी." काही हरकत नाही, मुली. मला रडू आलं, आणि मी सहसा रडत नाही.

नवीन खातं काढलं. या वेळी फक्त घरं, आणि पत्र आईच्या तोंडून. माझी "त्वरा करा" ऐकून ती म्हणाली होती, "बाजाराला आग लागलीय काय?" ती सांगायची ते मी सरळ उतरवून काढायचे. बोंबील कडक वाळलेत, घ्यायला हरकत नाही. जवळ्यात अजून ओल आहे, आठ दिवस थांबा. सोडे यंदा लहान आहेत, मोठेच हवे असतील तर घेऊ नका. घेऊ नका! मी कपाळावर हात मारला होता. पण पत्र गेलं आणि निम्म्याहून जास्त घरांची उत्तरं आली. जवळ्यासाठी लोक खरंच आठ दिवस थांबले.

मग घरं वाढू लागली. कुणी लिहायचं, माझ्या बहिणीलाही पाठवत जा. आई म्हणायची, "बहिणीला स्वतः लिहू दे." बहीण स्वतः लिहायची, तेव्हाच तिचा पत्ता चढायचा. कुरिअरवाले वासाला नाक मुरडायचे, म्हणून हवा काढून पाकिटं बंद करायचं यंत्र घेतलं. शेजारच्या बायकांचा मालही आमच्याबरोबर जाऊ लागला. २०१७ ला मी तलासरीची नोकरी सोडली, कारण दोन्ही होईनात. आईचे औषधोपचार, यंत्र, घराचे पत्रे, सगळं त्या यादीतून निघालं. मला घमेंड होती आणि ती मी लपवतही नव्हते.

आई मात्र गप्प होत चालली. ओट्यावर बसून मासळी निवडायची, मी दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे पाकिटं भरायची. "तुझी घरं वाढली," असं म्हणायची. तुझी. मी म्हटलं, "अगं, तुझीच ना?" ती म्हणाली, "मना काय दिसतात?" मला ते लागलं. एवढं केलं आणि हिचं आपलं तेच! मी चिठ्ठी तिच्यापुढे ठेवायचे ती कामापुरती: सोडे अर्धा किलो, पुणे. बोंबील एक किलो, डोकी काढून. उत्तरांत बाकी काय काय लिहिलेलं असायचं, पण त्यात वेळ कोण घालवणार?

२०१८ च्या मोसमाअखेरीस, माल वाळत असताना, अवेळी पाऊस झाला आणि सगळे बोंबील काळे पडले. मी म्हटलं, सौराष्ट्रातून व्यापाऱ्याचा माल येतो, तो भरू, कुणाला कळणार नाही. आई इतकी संतापली की भिंतीला धरून उभी राहिली. "माझ्या हातचं नाय ते माझ्या नावानं कशाला? लिही, यंदा काही नाय." आमचं चांगलंच वाजलं. शेवटी मी दात-ओठ खात चार ओळी लिहिल्या: पावसाने माल गेला. यंदा काही नाही. आईला दुसऱ्याचा माल तुमच्या दारात आणायचा नाही. क्षमा असावी.

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली आणि त्यांत मागणीची एकही ओळ नव्हती, कारण मागायला काही नव्हतंच. मग मला ती पूर्ण वाचावी लागली. मावशींचे गुडघे कसे आहेत? मावशींना सांगा, माझी मुलगी आता शाळेत शिकवते, तीच, जी लहानपणी पाटीतल्या जवळ्यात हात घालायची. तुमच्या आईंना सांगा, आमच्या सासूबाई गेल्या. दुपारी मी आईला कम्प्युटरसमोर स्टुलावर बसवलं आणि एकेक वाचून दाखवू लागले. ती प्रत्येकाला उत्तर देत होती, जणू ती बाई समोर आहे. "अगो बाय, कधी गेल्या?" मध्येच थांबून तिने मला विचारलं, "असं आधी पण लिहायचे?"

"हो."

"मग मना का नाय वाचून दाखवलंस?"

मी पुढचं पत्र उघडलं. तीन वर्षं तिची घरं तिची वाट बघत होती आणि मी मधल्या मधे ती वाट कापून फक्त किलो पुढे ठेवत होते.

शेवटचं पत्र काकूंचं होतं. यजमान निवृत्त झालेत, आम्ही कायमचे डहाणूला आलो आहोत, इथेच घर घेतलंय. मालाचं राहू दे. मावशींना एकदा पाटी घेऊन येऊ दे, रिकामी असली तरी चालेल. हात लावायला मी आहे.

आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

२०१९ च्या सुरुवातीला आम्ही काकूंकडे गेलो. आईने लहान पाटी काढली, नवीन मोसमाचा थोडा जवळा घातला. मी डॉक्टरांचं नाव घेऊन पाहिलं, काही उपयोग नाही. रिक्षा फाटकाशी थांबली तशी तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, वर पाटी घेतली, आणि ती दहा पावलं अशी चालली की गुडघ्यांनीही तोंड मिटून घेतलं असावं. दारात उभं राहून तिने हाक दिली. पाच वर्षांत मी ती ऐकली नव्हती.

काकू धावतच आल्या, पांढऱ्या केसांच्या, दोन्ही हात पुढे करून. आई म्हणाली, "तुमी थांबा, बाय. आज ही लावेल."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, समोरच बघत उभी राहिली. म्हणजे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी खिडकीच्या आत कोण बसलं होतं ते तिला ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं तिने ते मला उतरवायला लावलं नव्हतं. मी पुढे झाले, पाटीची कड धरली आणि आम्ही दोघींनी ती सावकाश ओट्यावर टेकवली.

पाटीत दोन मुठी जवळा होता. ती आईला एकटीलाही उतरवता आली असती.