आर्डिथ आयलर्सचा उजवा पाय

आयोवातल्या त्या परगण्यात पन्नाशीच्या आतल्या बहुतेकांना आर्डिथ आयलर्सनेच शाळेत पोचवलेलं होतं. तिसेक वर्षं ती शाळेची पिवळी बस चालवत होती. बर्फात, चिखलात, मक्याच्या कापणीच्या धुळीत. तिचा उजवा पाय इतका हलका, की मागच्या सीटवर चित्रं रंगवणाऱ्या मुलांचा रंग रेघेबाहेर जायचा नाही. बस कधी हिसकली नाही, कधी उशिरा आली नाही, आणि लवकर तर मुळीच आली नाही. लवकर येणं हाही एक प्रकारचा शब्द मोडणंच आहे, असं तिचं म्हणणं. कारण त्या बिचाऱ्या पोराच्या बुटाची नाडी अजून बांधायची असते.

तिचा नवरा डेलमर याच्या अगदी उलट. गावाच्या धान्यकोठारात तो शेतकऱ्यांची कापणीयंत्रं दुरुस्त करायचा, आणि त्याच्या हाताला ‘पुरे’ हा शब्द ठाऊक नव्हता. चर्चच्या उन्हाळी जेवणासाठी घरात हाताने फिरवायचं आइस्क्रीमचं भांडं होतं. त्याला त्याने एकदा यंत्राची जुनी मोटर जोडली. त्या दिवशी पास्टरच्या शर्टावर व्हॅनिला उडालं आणि आर्डिथने पुढचे दोन रविवार मागच्या बाकावर बसून काढले.

निवृत्त झाल्यावर त्याने वडिलांची स्टेशन वॅगन शेडमधून बाहेर ओढली. साठच्या दशकातली, बोटीसारखी लांब. दोन्ही अंगांना लाकडासारखी दिसणारी पट्टी, टपावर सामानाची जाळी, आणि अगदी मागे उलट्या तोंडाची सीट. त्या सीटवर डेलमर आणि त्याची भावंडं मागून येणाऱ्या गाड्यांना जिभा दाखवत मोठी झाली होती. शेडमध्ये रॅकून नावाच्या रानजनावराने तिच्यात पिल्लं घातली होती. कित्येक हिवाळे डेलमर त्या गाडीत कमरेपर्यंत बुडालेला असे. ठोकर खाऊन भंगारात गेलेल्या एका नव्या पिकअपचं दणकट इंजिन त्यात बसलं. त्याच्या जोडीला नवा गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर. बाहेरून मात्र त्याने एक ओरखडाही बदलला नाही. लाकडी पट्टीचा उडालेला रंगसुद्धा तसाच. सिग्नलला शेजारी उभ्या राहणाऱ्याला वाटे, म्हातारं जोडपं चर्चला बटाट्याचं सॅलड घेऊन निघालंय. दिवा हिरवा झाला की मग त्याला काय ते कळे.

पण गाडी पुरी झाली त्याच वसंतात डेलमरच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेचा मधला भाग पुसला गेला, कडेचं तेवढं उरलं. समोर उभ्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. लायसन्स गेलं. गाडी त्याने स्वतः चालवली ती फक्त शेडपासून रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत. तिथून तो आत आला आणि किल्ली आर्डिथच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, “चल, तू चालव.” इतकंच. त्या दिवशी जेवताना दोघं हवामानावर फार वेळ बोलत राहिली.

अशी आर्डिथ गावाबाहेरच्या मक्याच्या शेतांमधल्या शर्यतीच्या पट्टीवर आली, आणि काही आठवड्यांतच तिच्या लक्षात आलं, की हा खेळ जणू बसवालीसाठीच केलेला आहे. कारण तिथे एका वेळी दोनच गाड्या धावतात, आणि जास्त जोरात धावणारा जिंकतोच असं नाही. शर्यतीआधी ज्याने त्याने आपल्या गाडीच्या काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहायचं, मी ही पट्टी इतक्या वेळात पार करीन. ज्याचा वेळ जास्त, त्याला तेवढा आधी सोडतात. मग जो पहिला पोचेल तो जिंकला. मात्र लिहिल्यापेक्षा लवकर पोचला, तर हरला. म्हणून जाणती माणसं थोडी ताकद हातची राखतात आणि शेवटच्या रेघेच्या जरा अलीकडे, आरशात प्रतिस्पर्धी पाहून, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतात. त्या पाय उचलण्यात आर्डिथचा हात धरणारं कोणी नव्हतं.

डेलमर कुंपणाशी घडीच्या खुर्चीत बसून ऐकायचा. दिसत नव्हतं तरी इंजिनाचा आवाज त्याला गाण्यासारखा कळे, आणि दर शर्यतीत रेघेच्या अलीकडे तो आवाज पडलेलाही कळे. त्याने कधी तक्रार केली नाही. एकदा तिनेच विचारलं तेव्हा म्हणाला, जिंकायचं तर उचलायलाच हवा. पण गाडी रेघ ओलांडून गेल्यावरही त्याचा कान तिकडेच वळलेला असे. कुणी वाक्य अर्ध्यावर सोडून उठून जावं आणि ऐकणाऱ्याने तसंच बसून राहावं, तसा. आर्डिथला ते दिसायचं. दिसून ती डब्यातली सँडविचं काढायला वळायची.

खाण्याच्या टपरीच्या भिंतीवर हंगामाच्या विजेत्यांची नावं रंगवलेली होती. आर्डिथ तीनदा दुसरी आली होती, आणि दुसऱ्याचं नाव कोणी रंगवत नाही. मुलीला फोनवर तिने हसत सांगितलं होतं, की मला बाकी काही नको, त्या भिंतीवर एकदा माझं नाव पाहायचंय, मग खुशाल गुडघे जावोत. मुलगी हसली, पण आर्डिथ खरं तेच बोलली होती.

त्या सप्टेंबरच्या शनिवारी ती हंगामाच्या अंतिम फेरीत पोचली. समोर ड्वेन हार्म्स होता. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, झगझगीत निळ्या गाडीचा मालक. लहानपणी तो तिच्या बसमध्ये ड्रायव्हरमागच्या पहिल्या सीटवर बसायचा. त्याची हौस म्हणून नाही, तिचा हुकूम म्हणून.

“मिसेस आयलर्स,” खिडकीशी वाकून तो म्हणाला, “जाताना वाणसामान घेऊन जायचंय का? मागे जागा बरीच आहे म्हणून विचारतो.”

“मागच्या सीटवर तुला बसवीन, ड्वेन. तिथून तुला हरताना नीट दिसेल.”

“मी बसवाल्या बाईंना घाबरत नाही आता.”

“ते तुझ्या आईला सांग. ती अजून मला तुझ्याबद्दल विचारते.”

आजूबाजूचे हसले. ड्वेनही कानापर्यंत लाल होऊन हसला आणि आपल्या गाडीकडे गेला.

दुपारी बराच वेळ मोकळा होता. आर्डिथ बायकांमध्ये बसून मक्याचं कणीस खात होती. तेवढ्यात डेलमरने गाडीच्या कॉम्प्युटरला मुलीचा जुना लॅपटॉप जोडला. पडद्यावरची अक्षरं मुठीएवढी मोठी करून, मान तिरकी धरून, नजरेच्या कडेने वाचत त्याने इंजिनाचा लगाम थोडा सैल केला. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. ड्वेनची गाडी दिवसभर चढत्या जोरात धावत होती, आर्डिथच्या हाताशी राखीव ताकद असलेली बरी, एवढंच. अडचण एकच. काचेवर आकडा लिहिल्यावर गाडीला बोट लावायचं नाही, असं आर्डिथने त्याला बजावलेलं होतं. म्हणून तो तिला सांगायला निघाला, आणि वाटेत धीर सुटून लिंबूपाणी आणायला गेला. लिंबूपाणी आणलं, ते तिला दिलं, आणि म्हणाला की ऊन आज बरं आहे.

पट्टीवर येऊन आर्डिथने पाणी मारलेल्या जागी चाकं जागच्या जागी फिरवून टायर गरम केले. दिव्यांच्या खांबाकडे पाहिलं. तिच्या बाजूचा हिरवा आधी लागला.

वॅगन निघाली, आणि आर्डिथची पाठ सीटला अशी टेकली, जशी ती कधी टेकली नव्हती. निम्मी पट्टी मागे पडेपर्यंत तिला सगळं समजलं. आरशात ड्वेनचा निळा ठिपका जिथे असायला हवा त्याच्या बराच मागे होता. लिंबूपाणी तिच्या डोळ्यांपुढे आलं. ‘डेलमरने हात लावला.’ रागाने तिच्या कानशिलात ठोका पडला.

अजून काही बिघडलं नव्हतं. पाय उचलायचा, ब्रेकला जरा शिवायचं, ड्वेनला जवळजवळ बरोबरीला येऊ द्यायचं आणि केसभर आधी रेघ ओलांडायची. हे तिला झोपेत जमलं असतं. भिंत तिचीच होती. तिच्या पायाने सवयीने उचलायची तयारीही केली.

कुंपणाशी डेलमर बसलेला होता. तो तिला दिसत नव्हता, दिसायला वेळच नव्हता. पण त्याची मान कशी वळली असेल ते तिला ठाऊक होतं. आत्ता आवाज पडणार, म्हणून तो कसा वाट पाहत असेल तेही. आर्डिथने पाय खाली दाबला आणि तसाच ठेवला. डेलमरच्या वडिलांच्या त्या वॅगनने आपलं सगळं वाक्य, शेवटच्या शब्दापर्यंत, भर उन्हात बोलून टाकलं.

रेघेपलीकडे तिच्या बाजूचा लाल दिवा लागला. लिहिल्यापेक्षा लवकर. हरली.

गाडी हळू वळवून परत येताना तिचे डोळे भरले, हे खरं. उदार झालं म्हणून हातातून गेलेलं परत मिळत नाही. टपरीजवळून जाताना तिने भिंतीकडे बघितलं नाही.

ड्वेन टोपी हातात घेऊन आला. जिंकूनही तो ओशाळलेला दिसत होता. “मिसेस आयलर्स, तुम्ही पाय उचलला नाहीत.”

“नाही उचलला.”

“विसरलात?”

“मी तुला कधी स्टॉपवर विसरले होते का?”

त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि शाळकरी पोरासारखा मान हलवत निघून गेला.

डेलमर खुर्चीतून उठून उभा होता. त्याचं तोंड तिच्या थोडं बाजूला वळलेलं होतं, कारण तिला पाहायचं तर त्याला तसंच वळावं लागे.

“आर्डिथ, दुपारी मी लॅपटॉप...”

“माहीत आहे.”

“कधी कळलं?”

“अर्ध्या पट्टीवर.”

अर्ध्या पट्टीवर कळलं म्हणजे काय, हे त्या मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही समजलं असतं. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“मला आज सॉरी म्हणू नकोस,” ती म्हणाली. “उद्या म्हण. आज मी फार चिडलेय, आणि पुढच्या वेळी लॅपटॉप गाडीच्या बाहेर राहील. ऐकू आलं?”

“ऐकू आलं,” तो म्हणाला. मग अगदी हळू, “सगळं ऐकू आलं.”

तिने पट्टीच्या टोकाला मिळालेली वेळेची छापील चिठ्ठी उलगडली आणि त्याच्या कानाशी वाकून वाचली. आधी वेळ, मग वेग, एकेक अंक सुटा करून. डेलमरने डोळे मिटले.

“परत वाच.”

तिने परत वाचली. या वेळी त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

“सुरुवातीला तू जरा हळू निघालीस,” तो म्हणाला.

आर्डिथने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याला ते दिसणं शक्य नव्हतं, तरी तो एक पाऊल मागे सरला. मग तिला हसू फुटलं, आवरेना असं. तिने चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या खिशात सारली, त्याची खुर्ची मिटून काखेत मारली आणि त्याला कोपराला धरून वॅगनकडे नेऊ लागली. वाटेत तो पुढच्या चाकांबद्दल काहीतरी बोलत होता, आणि ती त्याला “नाही” म्हणत होती.