खोब्रागडे बाईंचा भरलेला माळ

समस्त सभासदांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, कात्रजच्या टेकडीवरचा माळ रिकामा नाही. ही सूचना आमच्या सोसायटीच्या फलकावर पाच वर्षं आहे. ती लिहिणाऱ्या खोब्रागडे बाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या; सूचना काढायची कोणाची हिंमत नाही.

बाई मूळच्या यवतमाळच्या. पुण्यात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि रोज सकाळी टेकडीवर आमची शाळा घेऊ लागल्या. मधेच थांबून काठी रोखत विचारायच्या, "ससा अन् चंडोल, साम्य काय जी?"

"एक उड्या मारतो, एक गातो. साम्य शून्य," मी म्हटलं. बाई खूश. चुकलेलं उत्तर त्यांना फार आवडे.

"सशाचं पिल्लू डोळे उघडून, केसांसकट जन्मतं. चंडोलाचं आंधळं अन् उघडंनागडं. पण घर दोघांचंही गवतातला उथळ खळगा. अन् दोघंही सरळ घरी जात नाहीत. चंडोल लांब उतरून पायी जातो, ससा आडवी उडी मारून माग तोडतो."

"म्हणजे आमचे नेने," मी म्हटलं. नेने आमचे सेक्रेटरी. ऑफिसातून सरळ घरी आल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

याच नेन्यांनी एका जुलैत माळावर वृक्षारोपण काढलं. दोनशे रोपं, टोप्या, बॅनर, खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणा. फावडी घेऊन सर्वांत पुढे नेने आणि मी. आणि मधोमध बाई उभ्या.

"बाई, बाजूला व्हा. ओसाड जागा हिरवी करतोय आपण," नेने म्हणाले.

"झाडांच्या सावलीत हे गवत मरते, अन् गवत मेलं की ते दोघं बेघर. काहून घाई करून राहिले? दहा मिनिटं गप्प उभे राहा. काही दिसलं नाही, तर पहिला खड्डा मी खणते."

तीस पुणेकर गप्प उभे राहिले. बाईंचा हा पराक्रम मी आजही छाती फुगवून सांगतो. सातव्या मिनिटाला चोचीत अळी धरलेला चंडोल लांबवर उतरला आणि चालत आमच्याच चुन्याच्या खुणेपाशी आला. गवताच्या बुडाशी तीन इवल्या चोची उघडल्या. नीट दिसावं म्हणून नेन्यांनी पाऊल उचललं, तर शेजारच्या झुपक्यातून ससा उसळला.

रोपं रस्त्याकडेला गेली. कोणी श्रेय दिलं की बाई नेन्यांकडे बोट दाखवत. कारण ससा उसळताच फावडं टाकून ओरडले होते ते नेनेच:

"अहो, इथे तर पझेशन कधीच झालंय!"