तिनं चोपलेली भुई

जालन्यात आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला एक कारखाना होता. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचा. मी तिथं भट्टीवर होतो. मालक एक दिवस गेला तो परत आलाच न्हाई. भट्ट्या थंड झाल्या, तरणी पोरं कामासाठी पुण्याकडं गेली, किराणा दुकानाला कुलूप लागलं. मागं राहिलं ते काळं मैदान. त्यावर गवत उगवत नव्हतं. तिथल्या डबक्यातलं पाणी पिऊन शेळ्या मरायच्या.

पुढं असं ठरलं की ती जागा साफ करून भाजी मंडई बांधायची. मंडई आली की वस्तीत पैसा फिरेल. आम्ही खुश होतो. वरची माती कमरेइतकी उकरून लांबच्या खदानीत गाडायची आणि तिथं चांगली माती आणून टाकायची. नगरपालिकेच्या साहेबानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, की माती विषारी आहे. आम्ही ऐकून घेतलं. पण विष म्हणजे आमच्या डोक्यात उंदराचं औषध. माती कोण खातंय?

आमची घरं खोलात. दर पावसाळ्यात घरात घोट्याएवढं पाणी. भराव टाकायला मुरूम विकत आणायची ऐपत कोणाची नव्हती, आणि इथं दारावरून त्याच उकरलेल्या मातीनं भरलेल्या ट्रॉल्या चालल्या होत्या. बायांनी ट्रॅक्टर अडवले. माझी बायको सगळ्यात पुढं.

"मावशे, साहेबानं न्हाई म्हणलंय," ड्रायव्हर म्हणाला.

"साहेब येतो का माझ्या घरातलं पाणी उपसायला? वत इथं."

"मंग चहा पाज."

"आधी वत. चहा काय पळून चाललाय का?"

त्याचा खदानीपर्यंतचा फेरा वाचला, आम्हाला भराव फुकट मिळाला. मी फावड्यानं माती आत ओढली. तिनं पाणी शिंपडून, चोपण्यानं चोपून चोपून भुई केली आणि शेणानं सारवली. त्या पावसाळ्यात घरात थेंब आला न्हाई. शेजारणींना बोलावून बोलावून तिनं भुई दाखवली. त्याच भुईवर ती भाकरी थापायची, त्यावरच निजायची. उन्हाळ्यात पोपडे उडाले की झाडायची, धूळ अंगावर घ्यायची आणि परत सारवायची.

काही वर्षांनी तिचं पोट दुखायला लागलं. मंग हात लुळे पडले, तवा धरवेना. डॉक्टर म्हणाला, अंगात रक्त न्हाई. ती गेली. कशानं गेली हे कोणी ठाम सांगितलं न्हाई, म्हणून मीही सांगत न्हाई.

पोरगी मंठ्याला दिली आहे. जावई मास्तर. तिला लेकरू झालं, रांगायला लागलं, तशी ती एकटीच आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"बा, ही भुई उकरून काढ. तवर मी लेकरू आणत न्हाई."

"तुझ्या मायनं चोपलीय ती."

"माय गेली ना पण."

"भुईनं गेली असं कोण म्हणलं?"

"कोणी न्हाई. पण माझं लेकरू दिसंल ते तोंडात घालून राह्यलंय, बा."

मी तिला चहासुद्धा विचारला न्हाई. पुढं किती तरी महिने मी त्या भुईवर एकटा बसलो. कोपऱ्यात सारवणाला बायकोच्या बोटांचे फराटे होते. नातीचं तोंड पाह्यलं नव्हतं. शेवटी टिकाव घेतला. चुलीपुढं भुई इतकी घट्ट होती की टिकाव उसळून यायचा. बाई काम पक्कं करायची. तो फराट्यांचा कोपरा मी सगळ्यात शेवटी खणला.

माती पोत्यात भरली. आता टाकायची कुठं? नगरपालिकेत गेलो तर म्हणाले, ते काम कधीच संपलं. खदान तर बुजवून टाकली होती. खालच्या आळीतला एकजण पोती बघून आला.

"काका, देता का? न्हाणीपुढं चिखल होऊन राह्यला."

"न्हाई."

"तुम्हाला तरी काय करायचीय?"

"घरी जा. तुझे पोरं लहान हायेत."

तो मला खवट म्हातारा म्हणून गेला. नाल्यात टाकावी तर नाल्याचं पाणी खालच्या घरांत शिरतं. मी पोती घरातच ठेवली, दाराला कुलूप घातलं आणि मंडईत राखणदार झालो. झोपतो तिथल्याच ओट्यावर. मंडई जोरात आहे. वस्तीत दुकानं आली, जागेला भाव आला. बाकीच्या घरांतली भुई तशीच आहे. मी सांगतो, लोक हसतात.

पोरगी आता बाजाराच्या दिवशी लेकराला घेऊन येते. पहिल्यांदा आली तेव्हा मी नातीला ओट्याखाली मातीत बसवलं. तिनं मूठ भरली आणि तोंडाकडं नेली.

"ही चांगली माती हाय," मी म्हणालो. "बाहेरून आणलेली."

पोरीनं पदरानं लेकराची मूठ पुसली आणि त्याला कडेवर घेतलं.