शादलियामावशीची उकळलेली खीर

आमच्या महदिया गावात मौलिदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या, सकाळी घरोघरी झगूगूची खीर होते. काळ्या पाइनबियांची, वर दुधाच्या घट्ट सायीचा थर आणि त्यावर बदाम-पिस्त्यांची नक्षी. गल्लीत शादलियामावशीच्या नक्षीला तोड नव्हती. स्वतः मात्र ती बोटभरही चाखायची नाही, साखरेचा आजार होता ना.

त्या वर्षी तिच्या तर्जनीला नखाशी पू धरून नखुरडं झालं होतं. चिंधी गुंडाळून ती कामाला लागली. चिंधी सारखी भिजायची, म्हणून शेवटी तिनं ती सोडून टाकली. फ्रिजमध्ये जागा नव्हती, म्हणून भरलेले वाडगे दुपारपर्यंत अंगणातच राहिले. ऊन तर असं की भिंतीला हात लावला तरी चटका बसावा.

समोरच्या नझीहाशी तिचा अबोला होता. मावशीच्या मुलाच्या लग्नाच्या पंगतीत नझीहा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "कुसकुस आहे की वाळूचे गोळे?" पण सणाचा दिवस, म्हणून गल्लीभर वाडगे वाटताना मावशीनं सगळ्यात सुंदर वाडगा तिच्याकडे पाठवला.

संध्याकाळच्या आत गल्ली आडवी झाली. उलट्या, पोटात कळा. नझीहाला तर दवाखान्यात न्यावं लागलं. तिचा नवरा झुहैर दारात येऊन ओरडला, "शादलिया, काय घातलंस त्यात? भांडायचं होतं तर तोंडानं भांडायचं!"

मावशी एकेक गोष्ट आठवू लागली. दूध ताजं, बिया स्वतः निवडलेल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बिया जुन्या असतील. मी तिच्या शेजारचीच, म्हटलं, "मावशी, उरलेली फेकून दे." ती ऐकते कुठली! उरलेली खीर तिनं पातेल्यात ओतली, झुहैरच्या देखत खदाखदा उकळली. "आता कुठला जंतू जगतोय ते बघतेच," म्हणाली आणि निवताच साखरेची पर्वा न करता वाडगाभर खाल्ली.

काही वेळातच ती भिंत धरून ओकत होती.

दवाखान्यात तिला नेमकी नझीहाशेजारची खाट मिळाली. नझीहानं डोळे किलकिले केले. "तू पण?"

"मी पण."

"स्वतःच केलेलं विष स्वतःच खाल्लंस? बया, तू दुष्ट नाहीस, नुसती वेडी आहेस!"

दोघींना हसू आलं आणि हसता हसता पुन्हा उलटी.

दुसऱ्या दिवशी सगळे उठून बसले. खिरीचा, मावशीच्या बोटाचा आणि नाकाचा नमुना तपासायला गेला होता. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावून सांगितलं, "स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू आहे. तुमच्या नखुरड्यात होता, तिथून सायीत गेला. उन्हात वाढला, विष सोडलं. उकळून जंतू मेला, विष नाही मेलं."

"मेलेला कसा त्रास देईल?"

"विंचू मेला म्हणून चढलेलं विष उतरतं का, मावशी?"

"बरं. आणि नाकाचं काय?"

"तिथेही आहे. कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात असतो. गुपचूप राहतो. कापलं, खरचटलं की मग गळू, फोड, कधी रक्तात शिरला तर जिवावर."

मावशी ताठ झाली. "पोरी, नमाजाआधी दिवसातून पाच वेळा मी नाकात पाणी घेऊन झाडते. माझ्या नाकात?"

"झाडा तुम्ही. तो चिकटून बसतो."

"मग माझी चूक की त्याची?"

"चूक कुणाचीच नाही. बोट दुखत असलं की खाण्यात हात घालायचा नाही. आणि खीर फ्रिजमध्ये ठेवायची. एवढंच."

बोट बरं झालं. झुहैर येऊन माफी मागून गेला. मावशी मात्र घरी येऊन आरशासमोर उभी राहून बराच वेळ नाक न्याहाळत होती.

"दिसत तर काहीच नाही गं," ती मला म्हणाली. "इतकी वर्षं राहतोय, मला काही करत नाही, आणि सायीत पडला की गल्ली आडवी करतो. हा शत्रू म्हणायचा की भाडेकरू?"

समोरून नझीहानं हाक मारली, चहा झाला होता. मावशीनं आधी साबणानं हात धुतले, थोडं थांबून पुन्हा धुतले आणि मग गेली.