नानांच्या टाकीतलं लाकूड

किस्से हे गप्पी माशांसारखे असतात. हौसेनं दोन आणून सोडावेत, महिन्याभरात टाकी भरते आणि वाटायला माणसं शोधावी लागतात. आमच्या बरकतपुऱ्याच्या मत्स्यमंडळाचं तसंच झालंय. मंडळ म्हणजे चार टाळकी: मी, शेजारचे नाना, सॉफ्टवेअरवाला शिरीष आणि सुलतान बाजारात कापडाचं दुकान असलेले मोहसीनभाई. मासे सगळ्यात जास्त मोहसीनभाईंकडे, मतं सगळ्यात जास्त नानांकडे. नाना सरकारी वकील होते. रिटायर झाले, पण उलटतपासणी काही सुटली नाही.

टाकी खरं तर नानांच्या बायकोसाठी, कुसुमकाकूंसाठी. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालायला लागल्या, बोलायला लागल्या, पण उजवा हात काही हलेना. नारायणगुड्याच्या शाळेत जन्मभर मुलींना शिवण शिकवलेला हात तो! फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तर काकूंनी तो खालच्या पोरांना क्रिकेटला देऊन टाकला. दवाखान्यातल्या माशांच्या टाकीसमोर मात्र तास तास बसायच्या. म्हणून नानांनी घरी टाकी आणली. माशांच्या नादानं बोटं काहीतरी करतील, एवढीच त्यांची आशा. खोटं कशाला सांगू, आमचीही.

*

दुकानदार म्हणाला, ड्रिफ्टवुड आधी उकळून घ्या, नाहीतर पाण्यात रंग सोडतं. ती वाळकी वेडीवाकडी लाकडं नानांनी थेट पुरणाच्या पातेल्यात घातली. मोहसीनभाईंनी येऊन झाकण उचललं, तर आत बकऱ्याच्या नळ्यांसारखं काहीतरी रटरटतंय. "नाना, पाये पका रैं क्या?"

उकळून पाणी तांबूस झालं. नाना लाकडं वाळवायला गच्चीत गेले आणि तेवढ्यात त्यांच्या विहीणबाई आल्या. ओट्यावर काढा ठेवलाय असं समजून पेलाभर प्यायल्यासुद्धा. आमची सगळ्यांची तंतरली. सकाळी त्यांचाच फोन आला. गुडघ्याला बराच आराम आहे, अजून उरलाय का म्हणून विचारत होत्या.

*

आता ही दोन लाकडं एका ग्रॅनाइटच्या तुकड्याला बांधायची होती, म्हणजे तरंगून वर येणार नाहीत. नानांना शुभकार्यात घाई फार. गुरुवार बघून टाकीची पूजा केली आणि पूजेच्या सामानातल्या लाल नाड्यानंच लाकडं आवळली. संध्याकाळपर्यंत टाकीभर गुलाबी पाणी! मासे अजून सोडले नव्हते म्हणून निभावलं.

काकू टाकीसमोर बसल्या होत्या. अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "अहो, मासे आणणार होतात की हळदीकुंकवाला बायका बोलावल्यात?" आणि मग हसत सुटल्या. आजारपणानंतर पहिल्यांदा अशा हसल्या. नाना त्या दिवशी पाणी बदलताना शीळ घालत होते.

*

मग आमचा शिरीष इंजिनिअर. त्यानं घरच्या वायरिंगमधली उरलेली तांब्याची तार आणली. एकदम सॉलिड आहे, जन्मात सुटणार नाही म्हणे. मोहसीनभाई दारातूनच ओरडले, नक्को! तांबं पाण्यात उतरतं, कोळंबी तर पटापट मरते.

नाना लगेच वकिली कोट चढवून उभे. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात, माझे वडील नव्वदी गाठून गेले, ते काय उगीच? पुरावा दाखवा म्हणाले.

मोहसीनभाईंनी शांतपणे तार गुंडाळून खिशात घातली. "आप पीते नाना, उसमें रैते नहीं."

*

शेवटी नानांनी कोट बाजूला ठेवला आणि साध्या सुती दोऱ्यानं लाकडं बांधली. मासे सोडले, सगळं झकास. काही आठवडे गेले आणि एका दुपारी धाडकन आवाज! दोरा कुजून तुटला होता आणि मोठं लाकूड उसळून झाकणावर आदळलं होतं. काच वाचली, मासेही वाचले. पण नाना डोक्याला हात लावून बसले.

काकू म्हणाल्या, "सुती दोरा पाण्यात कुजणारच. माझा जन्म दोऱ्यात गेला. मला कुणी विचारलं?"

खरंच, त्या आजारी पडल्यापासून 'बरं वाटतंय ना' याखेरीज आम्ही त्यांना काहीच विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

*

मागच्या रविवारी मोहसीनभाईंनी मासेमारीचा नायलॉन दोरा आणला. हा कुजत नाही, रंग सोडत नाही, माशांना बाधत नाही. पण मेला इतका गुळगुळीत की गाठच टिकेना. नानांनी बांधली, सुटली. शिरीषनं मोबाइलवर व्हिडिओ लावून बांधली, तीही सुटली. जेवणाच्या टेबलावर परात, परातीत दगड आणि लाकडं, भोवती आम्ही शहाणे.

काकू उठून आल्या आणि म्हणाल्या, "सरका."

डाव्या हातानं त्यांनी वेढे घेतले. नानांना सांगितलं, इथे बोट दाबून धरा. नानांनी धरलं. मग दोऱ्याचं एक टोक दातात पकडलं आणि दुसरं आपल्या उजव्या तळहातावर ठेवून, त्यावर डाव्या हातानं एकेक बोट मिटवलं. ती बोटं थरथरायला लागली, मला बघवेना. आणि मग काकूंनी ओढलं. चांगलं ओढलं! एक गाठ, तिच्यावर दुसरी.

"हं, काढा बोट."

नानांना बोट काढता येईना. लाकडाबरोबर तेही गाठीत पक्कं बसलं होतं. मी कात्री घेऊन पुढे झाले, तर हा माणूस माझ्यावर खेकसला.

"खबरदार दोऱ्याला हात लावशील तर! तिच्या उजव्या हाताची गाठ आहे ती."

नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. काकू चहा टाकायला गेल्या. आपला उजवा हात परातीतच ठेवून नानांनी तो चहा डाव्या हातानं घेतला.